पाल चुकचुकली तेव्हा

“घसा फोडून सांगितलं हो, पण पालीवर विश्वास ठेवतो कोण?” असं म्हणत एक पाल जन्मभर चरफडत राहिली. फार मागची गोष्ट आहे.

एका प्रयोगशाळेत दुधातली भेसळ पकडणारं यंत्र यायचं होतं. त्याच्यासाठी भिंतीवर विजेची नवी पेटी बसवली. पेटीमागच्या फटीत पालीची दोन अंडी होती. तिनं पेटीत डोकावलं तर एक स्क्रू ढिला, आणि तार नुसती टेकवलेली!

यंत्र खोक्यातून निघालं तशी ती म्हणाली, “बाबा रे, ही वीज घेऊ नकोस. तू जळशील आणि माझी पोरंही जळतील.”

“काकू, तुम्ही माश्या मारा,” यंत्र म्हणालं. “माझी काळजी घ्यायला माणसं आहेत.”

माणसं होतीच म्हणा. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी पेटी बसवणाऱ्या वायरमनला विचारलं, “सोनबा, सगळे स्क्रू आवळलेस ना?”

“एकूण एक, बाई.”

“खोटं! खोटं बोलतोय मेला!” पाल जिवाच्या आकांतानं चुकचुकली.

“बघा, पालसुद्धा खरं म्हणतेय,” सोनबा हसला. बाईंनी टेबलावर बोटं वाजवली, “कृष्ण कृष्ण” म्हटलं आणि बटण दाबलं.

पेटीतून जाळ निघाला. यंत्र काळं ठिक्कर पडलं. अंडी भाजून फुटली.

“कोणामुळे झालं हे?” बाई कडाडल्या.

सोनबानं पेटीमागची करपलेली टरफलं चिमटीत धरून दाखवली आणि बेधडक नाव घेतलं, “पाल.”