पाच जणांचे म्हणणे

“म्हणजे माझा अभिप्राय निःपक्षपाती नाही, असे आपल्याला म्हणायचे आहे का?”

“मी अजून काहीच म्हटलेले नाही,” आचार्य म्हणाले.

विचारणारे होते रघुवीर हसबनीस. एकेचाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करून ते निवृत्त झाले होते. त्याच्याही कितीतरी आधी, मुंजीनंतरची दोन वर्षे, ते नदीकाठच्या या पाठशाळेत नृसिंहाचार्यांपाशी न्यायशास्त्र शिकले होते. आचार्यांनी आता नव्वदी ओलांडली होती. ते हसबनीसांना अजून ‘अरे रघुवीर’ म्हणत.

दोघांच्या मध्ये, चटईवर, टंकलिखित चार पाने होती.

नगरपालिकेतील पाच नगरसेवक आपला पक्ष सोडून विरोधकांना मिळाले होते. ते अपात्र ठरतात, असे त्या पानांत लिहिले होते. सुनावणी उद्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे होती. हसबनीसांच्या शब्दाला गावात वजन होते. त्यांच्या अभिप्रायावर पाच जणांची पदे जाणार होती. सही तेवढी राहिली होती.

तीन दिवस राहिली होती.

“लेखणी उचलली की हात कापतो.”

“वयामुळे?”

“वयामुळे असते तर वैद्याकडे गेलो असतो.”

आचार्य हसले नाहीत.

“कायदा स्वच्छ आहे, आचार्य. तो मळवतात ती ही माणसे. एका चिन्हावर मते मागायची आणि दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचे. आणि आजचे वकील… आधी निकाल ठरवतात, मग कलम शोधतात.”

“तू कलम शोधलेस?”

“मला ते तोंडपाठ आहे.”

“आणि निकाल?”

“मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही,” हसबनीस म्हणाले. “कधीही नव्हतो.”

“बारा वर्षांपूर्वी सात जणांनी असेच केले होते. तेव्हाही तू अभिप्राय दिला होतास. ते पात्र आहेत, असा.”

“तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.”

“काय वेगळे होते?”

“ते सात जण… येत होते.”

“आणि हे पाच?”

“जात आहेत.”

ओसरीवर कोणीतरी खाकरले. त्या पाच जणांनी सोडलेल्या पक्षाचे तालुकाध्यक्ष शेवाळे तेथे बसले होते. तेच हसबनीसांना गाडीतून घेऊन आले होते. त्यांनी दारातून डोकावून सांगितले, “साहेब, घाई नाही. पण साडेचारच्या आत कागद कचेरीत पोहोचायला हवा.”

“मग घाई आहे म्हणा की,” आचार्य म्हणाले.

शेवाळे संकोचून पुन्हा ओसरीवर जाऊन बसले.

“रघुवीर, वादाला बसण्याचा येथील नियम आठवतो?”

“आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचे म्हणणे आपण मांडायचे. त्याने मान हलवली, हेच माझे म्हणणे असे मान्य केले, की मगच आपला सिद्धान्त.”

“मी त्या पाचांपैकी एक. मांड माझे म्हणणे.”

हसबनीस सावरून बसले. असे काम त्यांना जन्मभर जमत आले होते.

“आपल्याला उपाध्यक्षपद हवे होते. पक्षाने ते दिले नाही. म्हणून आपण—”

“मी असे कुठे म्हणालो?”

“उघडपणे कोण म्हणेल?”

“हे तुझे म्हणणे झाले. माझे मांड.”

हसबनीसांनी पुन्हा सुरुवात केली. “आपला दावा असा की, मूळ पक्ष आपलाच. ध्येय सोडले ते नेत्यांनी, आपण नव्हे.”

आचार्यांची मान स्थिर होती.

“हा दावा तू निवडलास, कारण तो खोडणे सोपे आहे.”

ओसरीवरून शेवाळ्यांचा आवाज येत होता. ते दूरध्वनीवर कोणाला तरी सांगत होते, “होतंय, होतंय. साहेब आपलेच आहेत.”

हसबनीसांनी ते ऐकले. त्यांनी डोळे मिटले आणि ते बोलू लागले. आवाज न्यायालयातला नव्हता.

“मी सुलभा ढाणे. तळ्याकडच्या प्रभागातून निवडून आले. दोन वर्षे माझ्या प्रभागात दिवसाआड अर्धा तास पाणी येते. मी पक्षाला तीन पत्रे दिली. एकाचेही उत्तर आले नाही. त्या दिवशी पाण्याच्या ठरावावर मी विरोधकांबरोबर हात वर केला. नंतर पक्ष म्हणाला, ठरावाविरुद्ध मत देण्याचा आदेश तुम्ही मोडलात, म्हणजे पक्षच सोडलात. पण तो आदेश आम्हा पाचांच्या हाती पडला तेव्हा मतदान होऊन गेले होते. पोचपावतीवर वेळ लिहिलेली आहे. जो आदेश मला मिळालाच नव्हता, तो मी मोडला कसा?”

आचार्यांनी मान हलवली.

हसबनीसांनी डोळे उघडले.

“ती पोचपावती कोठे आहे?” आचार्यांनी विचारले.

“माझ्या दप्तरात.”

“या चार पानांत?”

“…नाही.”

“का?”

“कोणी विचारले नाही.”

हसबनीसांनी पाने पुढे ओढली. शेवटच्या पानावरचे ‘अपात्र ठरतात’ हे शब्द खोडले आणि वर ‘पात्र ठरतात’ असे लिहिले. हात कापत होता, तरी अक्षर वाचता येत होते.

“आता मी सही करू शकतो,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात सुटका होती. “गावात म्हणतील, हसबनीस फुटला. म्हणोत.”

लेखणी कागदाला टेकणार, तोच आचार्यांनी ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

“शेवाळे,” त्यांनी हाक मारली, “आत या. येथे, माझ्या जागी बसा.”

शेवाळे बिचकत आत येऊन बसले. त्यांची नजर खोडलेल्या शब्दांवर गेली.

“साहेब, हे काय?”

आचार्य भिंतीला टेकले.

“रघुवीर, आता यांचे म्हणणे मांड.”

“यांचे?” हसबनीस गोंधळले. “आचार्य, ती तर माझीच बाजू आहे.”

“ती तू अजून ऐकलेली नाहीस.”