निंबाखालची तीनशे दुपारांची झोप

ज्या काळी निंबोळ्याच्या माळावरून पायवाट जात होती पण रस्ता गेलेला नव्हता, त्या काळची ही कथा आहे. ऐकणाऱ्याने मांडी घालून बसावे. ऐकता ऐकता डोळा लागला तर सांगणाऱ्याला राग येणार नाही, कारण या कथेचा तो मानच आहे.

निंबोळ्यात बयाजी नावाचा सणगर राहत असे. मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणे हा सणगरांचा पिढीजात धंदा. बयाजीच्या दारात एक कडुनिंब होता आणि त्याच्या घराण्यात एक रीत होती. घोंगडी मागावरून उतरली, तिला चिंचोक्याची खळ देऊन ती वाळली, की विणकराने दुपारची भाकरी खावी, घोंगडी निंबाखाली अंथरावी, बिरोबाचे नाव घ्यावे आणि तिच्यावर एक डुलकी काढावी. याला 'झोप लावणे' म्हणत. तृप्त होऊन निजलेल्या विणकराची झोप लोकरीत उतरते आणि पुढे जो त्या घोंगडीवर पाठ टेकील त्याला ती मिळते, अशी जुन्यांची श्रद्धा होती. झोप लावल्याशिवाय घोंगडी उंबऱ्याबाहेर जात नसे.

बयाजी चार दिवस विणी आणि पाचव्या दुपारी निजे. घर बेताचे होते, पण घोंगडीची कीर्ती मोठी. रडते मूल तिच्यावर ठेवले की हुंदका अर्धा टाकून निजत असे. एकदा वाळत घातलेल्या घोंगडीवर एक नाग फणा काढून आला आणि तिथेच वेटोळे घालून घोरू लागला, असे म्हणतात. ते घोरणे बयाजीची बायको तानूबाई हिने आपल्या कानांनी ऐकले होते.

एके वर्षी पेठेतला व्यापारी लिंगाप्पा शेटे बयाजीच्या दारी आला. त्याने घोंगडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सरदारांच्या फौजेला तीनशे घोंगड्या पाहिजेत. पुढच्या थंडीच्या आत."

बयाजी हसला. "शेटजी, तीनशे म्हणजे माझी चार वर्षं झाली."

"चार वर्षं तुझी नाहीत, तुझ्या घोरण्याची. जग दुपारी कमावतं नि तू निंबाखाली पडतोस. बारा माग घाल, गडी बसव. दोन मजली घर बांधशील. हे असंच राहायचं का तुझं, पोपडे आलेल्या भिंतीत?"

शेटे गेला. बयाजी बराच वेळ भिंतीकडे पाहत उभा राहिला.

"तानू, भिंत किती पोपडलीय गं."

"कालबी पोपडलेलीच होती की," तानूबाई म्हणाली. "आजच दिसली व्हय?"

जे कालपर्यंत पुरत होते ते त्या दिवसापासून बयाजीला पुरेनासे झाले. त्याने बारा माग घातले, त्यांवर गडी बसवले. धोटे इकडून तिकडे धावू लागले, दिव्याच्या उजेडातही थांबेनात. घोंगड्यांच्या थप्प्या लागल्या. झोप लावायला दुपार उरली नाही. तानूबाईने एकदा आठवण केली तर तो म्हणाला, "लोकरीला काय कळतंय?" वर्षाच्या आत जुन्या घराशेजारी दोन मजली घर उभे राहिले. बयाजीच्या हातात सोन्याचे कडे आले. आणि त्याच घरात, जाड गादीवर, बयाजी डोळे उघडे ठेवून वासे मोजू लागला. सहा महिने त्याचा डोळा लागला नाही, असे म्हणतात. डोळे मिटले की त्याला बारा धोटे ऐकू येत आणि तेरावा माग कधी घालावा हा विचार उठे.

तिकडे फौजेतही तेच झाले. नव्या घोंगड्या अंथरल्या आणि शिपायांची झोप उडाली. जागी माणसे एकमेकांवर खेकसू लागली. घोडी बिथरली. लढाई आठ-दहा दिवसांवर आलेली. सरदाराचा जासूद निंबोळ्यात येऊन थडकला. "फसव्या घोंगड्या विकल्या तुम्ही. आठ दिवसांत फौजेला झोप लागली नाही, तर गावातला एकही माग शाबूत राहणार नाही."

एकट्या बयाजीचे माग नव्हेत, साऱ्या गावाचे. निंबोळ्यात चाळीस घरे विणकरांची. त्या संध्याकाळी गावात चुली पेटल्या, पण जेवण कोणाला गेले नाही.

लिंगाप्पाने युक्ती काढली. "घरी उरलेल्या घोंगड्यांना तरी झोप लावू आणि पाठवून देऊ. गावातले सात अट्टल झोपाळू आणा. मजुरी मी देतो." सात जण आले. निंबाखाली ओळीने आडवे झाले. सूर्य कलला तरी एकाचाही डोळा मिटेना. शेवटी दगडू लोहार उठून बसला. "शेटजी, घरी बायको बोंबलत असती तरी भाता सोडून घोरतो मी. हितं मजुरी घेतली नि मेली झोपच येईना!"

सातवा दिवस उजाडला. बयाजी उठला आणि माळावर केराबाईकडे गेला. केराबाई धनगरीण, वयाने फार थकलेली. बयाजीच्या बापाने विणलेली घोंगडी अजून तिच्या खांद्यावर होती, सतरा ठिकाणी रफू केलेली. बयाजीने हातातले कडे काढून तिच्यापुढे ठेवले.

"आई, हे घे. ही घोंगडी मला दे. माझ्या बाची झोप आहे हिच्यात."

म्हातारीने कड्याकडे पाहिलेही नाही. "झोप का शेरडू हाय बयाजी, दावं धरून न्यायला? बस. लोकर पिंजायची राहिलीया, हात लाव."

बयाजी बसला. वर्षभर त्याने लोकरीला हात लावला नव्हता, फक्त थप्प्या पाहिल्या होत्या. लोकर पिंजता पिंजता तिचा वास त्याच्या नाकात भरला. केराबाई आपल्यातच बिरोबाचे नाव घेत होती. त्याने कधी तिच्या नामात आपला सूर मिसळला ते त्याचे त्यालाच कळले नाही. दुपार झाली. तिने अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी, आणि पुन्हा चतकोर पुढे केली.

"नको आई," बयाजी म्हणाला. "पुरे."

हा शब्द त्याच्या तोंडून वर्षभरात निघाला नव्हता. तो ऐकून तो स्वतःच थबकला. म्हातारी हसली. "जा आता. निंबाखाली पड."

बयाजी घरी आला. आधी त्याने बारा माग थांबवले. मग निंबाखाली, कोणतीही एक घोंगडी अंथरून, आडवा झाला. आणि जी तीनशे दुपारांची झोप घ्यायची राहून गेली होती, ती सारी एकदम आली.

बयाजी तीन दिवस आणि तीन रात्री निजला. त्याच्या घोंगड्या जिथे जिथे गेल्या होत्या, तिथे तिथे त्याच घटकेला झोप पोचली, असे म्हणतात. शिपाई निजले, पहारेकरी भाल्याला टेकून निजले, घोडी उभ्याने निजली. आणि लिंगाप्पा शेट्याने अर्धा माल गुपचूप शत्रूच्या फौजेलाही विकला होता! नदीच्या अलीकडे एक फौज घोरत होती, पलीकडे दुसरी. नदीला कोणते घोरणे कोणाचे ते कळेना. चौथ्या दिवशी सारे जागे झाले तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती आणि लढायचे कशासाठी ते कोणालाच आठवेना. दोन्हीकडचे लोक न्याहारी करून आपापल्या गावी गेले.

सरदार स्वतः निंबोळ्यात आला. म्हणाला, "बयाजी, जहागीर माग."

"सरकार, मिळालंय सगळं."

"काहीतरी माग. आम्ही रिकाम्या हातानं परत जात नाही."

बयाजीने विचार केला. "तुमच्या घोड्यांसाठी नवा रस्ता आखलाय, तो या निंबावरून जातोय. तेवढा वळवा. टापांनी दुपारची झोप मोडंल."

रस्ता वळला. बयाजीने एक माग ठेवला, अकरा माग ज्या त्या गड्याच्या घरी पोचवले. दोन मजली घर त्याने माळावरच्या मेंढपाळांना उतरायला दिले आणि स्वतः जुन्या घराच्या पोपडलेल्या भिंतीला शेण-मातीचा हात देऊन तिथे राहिला. नाम आणि समाधान साठवून ठेवता येत नाही. ज्या त्या दिवशी ताजे घ्यावे लागते, हे त्याने अनुभवाने जाणले होते. पुढे एका दुपारी, नवी घोंगडी अंथरून, नाम घेत तो निजला तो उठला नाही. ती घोंगडी कोणी विकली नाही, कोणी जाळलीही नाही. ती निंबातच विरली, आणि तेव्हापासून त्या निंबाची सावली दुपारी हलत नाही, असे म्हणतात.

आजही निंबोळ्यात डोंगर नाही, ओढा नाही, तरी डांबरी सडक एका कडुनिंबाला वळसा घालून जाते. दुपारी तिथून जाताना एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. भाकरी झाली की गावातले सारे माग थांबतात. झोप लावल्याशिवाय घोंगडी आजही उंबऱ्याबाहेर जात नाही. आणि एखादा व्यापारी मोठी मागणी घेऊन आला, की विणकर त्याला ना हो म्हणत, ना नाही. ते त्याच्यापुढे भाकरी ठेवतात, निंबाखाली नवी घोंगडी अंथरतात आणि म्हणतात, "आधी घटकाभर पडा, शेटजी. उठल्यावरही एवढ्याच लागत असतील, तर बोलू."

उठल्यावर आकडा वाढवून सांगणारा व्यापारी निंबोळ्याने अजून पाहिलेला नाही.