लहानूआबांचं गुपित

एका गावात लहानूआबा नावाचे भोळे आजोबा राहत. वय झालं तसं त्यांना विसरायला व्हायला लागलं. सकाळी जेवले की नाही, ते दुपारी आठवत नसे. पण अनसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलेली शिकवण ते कधी विसरत नसत. ती कुठं वापरायची, एवढंच विसरत.

त्यांचा मुलगा नवनाथ नाशिकला टेम्पो चालवायचा. त्याने आबांना मोबाइल आणून दिला. त्यात सुनेचा आवाज भरून ठेवला. रोज सकाळी मोबाइल बोले, "आबा, गोळी घ्या."

जाताना तो आईला म्हणाला, "आई, याच्यावर भागलं तर बरंच. नाहीतर दोघांना नाशिकला नेतो. चौथ्या मजल्यावर."

अनसाबाईंच्या मनात आलं, घर सोडायचं? आणि दारातल्या शेळीला चौथ्या मजल्यावर कोण चढवणार?

दुसऱ्या दिवशी मोबाइल बोलला, "आबा, गोळी घ्या."

आबांनी घाईघाईने टोपी घातली. सून आली म्हणजे काय. त्यांनी पाट मांडला, पाटावर मोबाइल ठेवला आणि समोर चहाची कपबशी ठेवली. "आधी चहा घे पोरी. गोळी काय, घेईन मग."

चहा गार झाला. आबा अनसाबाईंना हळूच म्हणाले, "अगं, सून रुसलीय. तोंडच लावत नाही."

अनसाबाई म्हणाल्या, "अहो, मोबाइलमधून आवाज आला की त्याच्याशी बोलायचं नसतं. सांगेल ते गुपचूप करायचं."

"बरं," आबा म्हणाले.

पुढं एकदा अनसाबाई दळण आणायला गेल्या आणि नवनाथचा फोन आला.

"आबा, कसे आहात?"

आबा गप्प.

"आबा, ऐकू येतंय का?"

आबांना चांगलं ऐकू येत होतं. पण बोलायचं नव्हतं ना.

तेवढ्यात तिकडे नवनाथ टेम्पोजवळच्या हमालाला म्हणाला, "अरे, बघत काय बसलास? सगळं सामान बाहेर काढ."

आबा गुपचूप उठले. हंडे काढले, कळश्या काढल्या, गाद्या काढल्या. देव्हारासुद्धा नीट उचलून अंगणात तुळशीजवळ ठेवला. अनसाबाई दळण घेऊन आल्या तर संसार अंगणात, आणि शेळी गादीवर बसलेली.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "निघालात का नाशिकला? सांगितलंही नाहीत बाई."

आबांकडून सगळं ऐकून अनसाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तो आपला नवनाथ होता. गोड बोलून कुणी खुशाली विचारली की आपणही बोलावं. विचारेल ते सगळं सांगावं."

"बरं," आबा म्हणाले.

मग एका दुपारी फोन वाजला. "नमस्कार काका, बँकेतून बोलतोय. तब्येत कशी आहे? तुमच्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा."

गोड बोलतोय, खुशाली विचारतोय. आबांनी सगळं सांगायला घेतलं. आधी गुडघा सांगितला. मग शेळीचं बाळंतपण सांगितलं. मग मेहुण्याने लग्नात वरणात मीठ कमी म्हणून कसा गोंधळ घातला, ते सांगितलं.

"काका, नंबर," तो माणूस म्हणाला.

"येतो, येतो. आधी मेहुण्याचं पुरं होऊ दे."

शेवटी त्या माणसानेच फोन ठेवला.

अनसाबाई बाहेरून आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, तो लबाड होता. आपल्याला आलेला नंबर म्हणजे गुपित. कुणी कितीही गोड बोललं तरी गुपित सांगायचं नाही. आणि असा माणूस दिसला की चार लोकांना सावध करायचं."

"बरं," आबा म्हणाले.

ही गोष्ट नवनाथच्या कानावर गेली. तो आला आणि दोघांना तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. "आता डॉक्टर सांगतील तसं. ते इथं राहायला नाही म्हणाले, तर आजच नाशिक."

अनसाबाई वाटभर पदराचं टोक पिळत होत्या.

डॉक्टर मोठे प्रेमळ होते. "आजोबा, मी तीन शब्द सांगतो. ते मनात ठेवा. घोडा, किल्ली, पेरू. थोड्या वेळाने विचारीन हं." मग त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"बाजाराचा."

"महिना?"

"ते हिच्याकडे असतं."

नवनाथने आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं.

डॉक्टर आणखी गोड आवाजात म्हणाले, "बरं आजोबा, मघाचे तीन शब्द कोणते?"

आबांनी डॉक्टरांकडे निरखून पाहिलं. "नाही सांगणार."

"आठवत नाहीत का?"

"आठवतात. म्हणूनच नाही सांगणार."

अनसाबाई रडकुंडीला आल्या. "अहो, सांगा ना. आपलं घर जाईल."

आबा खुर्चीतून उठले. "अगं, तूही ह्याच्यातलीच का?"

आणि ते तडक बाहेर गेले. बाहेर म्हातारी माणसं नंबर लावून बसली होती. आबांनी हात वर केला.

"मंडळी, सावध राहा. आत एक माणूस गोड बोलून गुपितं काढून घेतो. मला त्याने घोडा, किल्ली आणि पेरू सांगितलंय. तुम्हाला विचारलं तर घोडा, किल्ली, पेरू अजिबात सांगू नका."

आत डॉक्टर पोट धरून हसले. मग डोळे पुसून नवनाथला म्हणाले, "तिन्ही शब्द बरोबर. वार, महिना आजी सांभाळतात. यांना आपल्या घरीच राहू द्या. ओळखीच्या घरात माणूस कमी गोंधळतो. तू मात्र येत-जात राहा."

नवनाथने मान हलवली. अनसाबाईंनी पदर सोडला.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. एक आजीबाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "बाबा, माझं डोकं दुखतंय, तेवढी गोळी दे. आणि घोडा, किल्ली, पेरूचं मला काही विचारू नकोस. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, ते तुला सांगायचं नाही."