बदामी भिंत

“आणि तात्या कुठं टेकतात रे आता?”

येसाजीबुवांनी सतरंजीवर बसता बसताच हे विचारलं आणि भगवंतराव शेलारांचा चेहरा खर्रकन उतरला.

हेडमास्तर माणूस. अकरा वर्षं बुवांचा शिष्य. बुवा एकदा तरी आपल्या घरी मुक्कामाला येणार म्हणून त्यांनी शेडकार्डातले सगळे बदामी रंग चाळून बैठकीच्या भिंतीला हा एक निवडला होता. चहात दूध जरा सढळ पडावं तसा, डोळ्यांना ऊब देणारा. त्याचं कौतुक राहिलं बाजूला, बुवा म्हाताऱ्या वडिलांची चौकशी करत होते!

“तात्या मागच्या खोलीत असतात, बुवा.”

“का?”

“डोक्याला तेल फार थापतात हो. वीस वर्षं या भिंतीला टेकून बसले, तर हा एवढा काळा डाग! रंगारी म्हणाला, तेलावर रंग धरत नाही. पहिला हात मारला, डाग वर आला. दुसरा मारला, तरी आला. तिसऱ्या हाताला कुठं मिटला.”

“तीन हात... आणि तात्यांना काय सांगितलंस?”

“छे छे! मी चकार शब्द काढला नाही. भिंत वाळली तशी त्यांनी आपणहून वळकटी उचलली.”

बुवा उठले आणि मागच्या खोलीत गेले...

बऱ्याच वेळानं परतले, तेव्हा भगवंतराव बघतच राहिले. बुवांच्या डोक्यावरून खोबरेल तेल कानांवरून खांद्यांवर ओघळत होतं.

“तात्यांनी चोळलं. झोपच यायला लागली बघ.”

असं म्हणत बुवा थेट त्या भिंतीशी गेले, मांडी घालून बसले आणि डोकं मागं टेकवू लागले.

“अहो बुवा, भिंत!”

भगवंतराव धावले. काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी बुवांना खांद्याला धरून बाजूला लोटलं. बुवा फरशीवर कलंडले.



अकरा वर्षांत ज्यांच्या पायांखेरीज कशाला शिवलो नाही, त्यांना आपण ढकललं? भगवंतराव आपल्याच पंजाकडे बघत उभे राहिले. तळवा तेलानं चमकत होता.

बुवा सावकाश उठून बसले.

“हा चौथा हात, भगवंता.”

...

भगवंतरावांना हुंदका आवरेना. “चुकलो बुवा... चुकलो,” म्हणत ते पायांवर डोकं ठेवायला वाकले.

बुवांनी पाय अलगद जवळ ओढून घेतले.

“इथं नको. पाय मागच्या खोलीत आहेत.”