आडवी पालखी

समोर दिसते ती वाट नीट बघून घ्या. एवढ्या दाट रानातून बाजारपेठेएवढी रुंद वाट, आणि जाते कुठे, तर वरच्या पठारावर, जिथे ना घर ना शेत. आमच्या कारवंड गावात पाहुणे आले की पहिल्यांदा हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत. तो कॅमेरा आणि गुंडाळलेला नकाशा खाली ठेवा, या खडकावर बसा, सांगतो.

फार पूर्वी इथे संस्थान होतं. कुठलं ते सांगत नाही, त्यांची माणसं अजून आहेत. तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांचं हे रान गावाचं होतं. अख्ख्या गावाचं, कुणा एकाचं नाही. चैत्रात घरातलं धान्य सरत आलं की गाव पारध करायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून शिकारीला जायचं. डुक्कर पडो की ससा, वाटा दर घराला. पहिला वाटा विधवेच्या घरी जायचा, असं सांगतात. पावसाळ्यापर्यंतचे दिवस त्यावर निघायचे. आता शिकारीला बंदी आहे आणि आम्ही ती पाळतो. लिहून घेत असाल तर हेही लिहा.

राजाला हे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखीव हवं होतं. त्याचा कारभारी गावात आला आणि गोड बोलू लागला. हे रान द्या, बदल्यात वरचं पठार घ्या, दीडपट आहे.

गाव काही दूधखुळं नव्हतं. पारधीचा मान लुमा नाईकाचा, गावातर्फे शब्द द्यायचा तोही त्यानेच. तो जाणती माणसं घेऊन वर गेला. भर उन्हाळ्यात गेला, कारण पावसात कुठलंही रान चांगलंच दिसतं. पाणी चाखलं, माती चोळून पाहिली, सांबराचे माग पाहिले, डुकरांनी उकरलेली जमीन पाहिली. खोट काही सापडेना.

घरी आल्यावर त्याची बायको चिमा म्हणाली, "येवढं चांगलं हाय, तर मंग आपल्याला कशापायी देत्यात?"

लुमालाही ते खटकलं. पण खोट सापडली नाही हेही खरं. त्याने अंगठा दिला. गावाने आपला रानदेव वाघोबासुद्धा वाजतगाजत पठारावर नेऊन बसवला.

पुढच्या चैत्रात गाव भाले-काठ्या घेऊन निघालं, तर इथे, या खडकाशी, काट्यांचं कुंपण आणि पुढे शिपाई. रान राजाचं, आत पाऊल टाकायचं नाही. पठाराला तिन्ही बाजूंनी कडे आहेत, ते तुम्ही येताना पाहिलेच असतील. वर जायचं तर या देऊन टाकलेल्या रानातूनच. पाहणीला गेले तेव्हा ते आपल्याच रानातून चालत गेले होते, म्हणून वाटेचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. सगळं तपासलं, तेवढं सोडून.

लुमा कारभाऱ्याकडे गेला. कारभारी म्हणे पान लावत बसला होता.

"जमीन तुमचीच आहे. आम्ही कुठं नाही म्हणतो? खुशाल जा."

"पन जायचं कुठून, सरकार?"

"ते तुम्ही बघा."

वर हेही ऐकवलं, की दोन वर्षं जमीन वापरली नाही तर ती पडीक धरून सरकारजमा होईल. म्हणजे दोन्ही रानं त्यांचीच. त्या साली गावात वाटे पडले नाहीत. पोरं आणि म्हातारी माणसं आंबिलीच्या पाण्यावर राहिली, आणि काही जगली नाहीत.

गाव पठारावर पोचेपर्यंत घराचा उंबरा ओलांडणार नाही, अशी शपथ लुमाने घेतली. तो इथेच बसून असायचा, चिमा भाकरी आणून द्यायची. त्याला गावात कुणी एक वाईट शब्दही बोललं नाही, असं सांगतात. माझा विश्वास नाही. गाव कसं असतं ते मला माहीत आहे.

दसऱ्याला दरबार भरला. तिथे लुमाने जमीन मागितली नाही, वाटही मागितली नाही. "आमचा वाघोबा वर एकला पडलाय. वरसातून एकडाव त्याच्या भेटीला पालखी तेवढी जाऊ द्या," म्हणाला. चारचौघांत राजा देवाला नाही कसं म्हणणार? त्याने हुकूम दिला, पालखी जाईल तेवढी वाट कायमची देवाची, तिथे कुंपण राहणार नाही. कारभारी गालातल्या गालात हसला. पालखीला वाट लागते किती? दोन माणसांची, आणि तेवढी वाट एक शिपाईसुद्धा अडवून धरील.

लुमाने हे सांगितलं तेव्हा चिमा खांद्यावर वेळू घेऊन उभी होती. तिने तो जरा फिरवला तशी आजूबाजूची माणसं मागे सरली.

"राजानं पालखी म्हनलं ना? उभी न्यायची का आडवी, ते कुठं म्हनलं?"

चैत्र आला. गावाने वेळूला वेळू जोडून लांबच लांब दांडे केले, मध्ये एवढीशी पालखी बांधली, आणि बायामाणसांसकट सगळं गाव एका ओळीत, खांद्याला खांदा लावून रानात शिरलं. शिपाई बघत राहिले. हुकूम राजाचा, पालखी देवाची. झाडं म्हणे आपणहून बाजूला सरली. माझे आजोबा म्हणायचे, आधी कोयते चालले असणार. पण झाडं सरली असंच सांगायची रीत आहे.

दरीकडचं टोक लुमाने धरलं होतं. वर त्या वळणावर दरी एकदम आत येते. कारभारी घोड्यावरून ओरडला, "दांडा उभा करा, माणूस पडेल!" त्याला माणसाची काळजी होती की वाटेची, तुम्हीच ठरवा. दांडा उभा केला असता तर तिथून पुढे वाट दोन माणसांचीच झाली असती. लुमा ओरडला, "आडवीच न्या!" आणि त्याचा पाय निसटला, तो दरीत गेला. पालखी तशीच पुढे गेली. चिमा त्याच ओळीत होती, तिनेही खांदा काढला नाही. 

पुढे त्या वाटेने राखीव रानातली सांबरं आणि गवे पठारावर निघून गेले, असं सांगतात. राजा मचाणावर बसून बसून हात हलवत परतला. संस्थानही गेलं. वाट राहिली.

आजही चैत्रात आमची पालखी आडवीच निघते, त्या दिवसाला आम्ही अजून पारधच म्हणतो. भाले नसतात, वाटा गूळखोबऱ्याचा असतो, आणि पहिला वाटा विधवेच्या घरीच जातो. दरीकडचं टोक कुणी धरायचं तेही ठरलेलं आहे. जमिनीच्या कागदावर गावासाठी सही जो करणार, त्याने. सध्या ते सरपंच धरतात. सरपंचपदासाठी आमच्याकडे फारशी झुंबड नसते.

मागे काही साहेब आले होते. हे जंगल कशाला तरी हवं आहे, बदल्यात दुसरीकडे दीडपट देतो म्हणाले. दीडपट ऐकल्यावर म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही म्हटलं, जागा उत्तमच असेल. पारधीच्या दिवशी या, लुमाचं टोक धरून वरपर्यंत चला, मग सहीचं बोलू. ते आले नाहीत.

पारध परवा आहे. दांडे तेल लावून ठेवले आहेत. तुम्ही कुठल्या खात्याचे ते अजून सांगितलं नाहीत, राहू द्या. त्या नकाशात काय आहे तेही विचारत नाही. बोलता बोलता तुमच्या खांद्याची उंची तेवढी बघून ठेवली आहे.