कर्दळीपलीकडची गाजरं

"न्हाणीचं पाणी गाजराला, आणि ते गाजर मी खायचं?"

त्र्यंबकशास्त्री काखेत गाठोडं मारून केवळनाथबाबांच्या ओट्यापुढे उभे होते. काशीत बारा वर्षं घोकलेली विद्या, आणि सोवळं त्याहून कडक. बाबांची दीक्षा घ्यायला ते माळावरच्या या मठात आले, त्याला दीड महिना झाला होता. दीक्षा येत्या गुरुवारी होती. पण परवा त्यांनी गाजराच्या वाफ्यात येणारं पाणी कुठून येतं ते पाहिलं, आणि तेव्हापासून बिचारे गूळ-शेंगदाण्यांवर होते. त्याआधी हीच गाजराची भाजी रोज दोनदा मागून घेतली होती, ते मात्र बोलले नाहीत.

"विहिरीत पिण्यापुरतंच पाणी आहे," बाबा म्हणाले. "म्हणून न्हाणीचं, भांड्यांचं पाणी गोट्यांतून सोडतो, वाळूतून सोडतो. कर्दळीच्या वाफ्यात चार दिवस मुरतं. मग गाजराला."

"मूळची घाण ती घाणच!"

शास्त्रींनी गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"मेथी असती तर एक वेळ डोळेझाक केली असती. गाजर तर त्या ओलीतच वाढतं, बाबा. मी निघतो."

"नीघ. पण रोजचं तेवढं करून जा."

रोजचं म्हणजे बाबांची पाद्यपूजा. शास्त्रींनी गाठोडं खाली ठेवलं. माणसावर जीव जडला होता, नाही कशाला म्हणा. त्यांनी तांब्याचं ताम्हन पुढे ओढलं. बाबा नुकतेच गोठ्यातून आले होते. शास्त्रींनी त्यांचे पाय मनोभावे धुतले, त्यातलं पळीभर पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटून प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"काय प्यालास?"

"तीर्थ."

"गाळून?"

शास्त्रींनी ताम्हनात पाहिलं. पाणी शेणाने गढूळ झालं होतं. वर कडब्याची एक काडी तरंगत होती...

आधी त्यांचे कान लाल झाले. मग पोटातून हसू आलं, ते काही केल्या आवरेना. बाबाही गदगदून हसत होते.

बऱ्याच वेळाने शास्त्रींनी डोळे पुसले आणि गाठोडं सोडायला घेतलं.

"गुरुवारी... मी येऊ?"

"ये. पण उद्यापासून पाय मी न्हाणीतच धुणार," बाबा म्हणाले. "तीर्थ हवं असेल, तर जा, गाजर उपटून आण."