पाटावर उघडं डोकं चालत नाही

आधी डोक्यावर काहीतरी घ्या. रुमाल असेल तर रुमाल, बाई, तुम्ही ओढणी घ्या. हा उंबरदऱ्याच्या पाण्याचा पाट आहे, इथं उघड्या डोक्यानं कोणी उभं राहत नाही. हसू नका. परवा एक पाव्हणा हसला, त्याला मी खिंडीपर्यंत पोचवून आलो.

आमच्या शेतकऱ्याला टोपीचा नाद फार, हे खरं आहे. बंडी फाटकी असेल, पण टोपी परीटघडीची. पूर्वी पागोटी होती. बाजारातून आलेला माणूस आधी नवं पागोटं दाखवायचा, मग पोरांचा खाऊ काढायचा. बाप गेला की तेराव्याला मामा थोरल्या मुलाला पागोटं बांधायचा. ते बांधलं की घर त्याच्या डोक्यावर आलं. चारचौघांत ते उतरायचं फक्त मयताला. हे आमच्या गावच्या इनामदाराला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच त्यानं तसला हुकूम काढला.

त्या काळी पाटाचं पाणी इनामदाराच्या हातात होतं, असं सांगतात. एका उन्हाळ्यात त्यानं दवंडी पिटवली, ज्याला पाण्याची पाळी पाहिजे त्यानं माझ्या पायरीवर पागोटं काढून ठेवावं आणि उघड्या डोक्यानं मागावं. कशासाठी? त्याला बघायला बरं वाटायचं, दुसरं काय.

गावानं पागोटी उतरवली. पाळी आली की पायरीवर जायचं, डोकं उघडं करायचं, पाणी घ्यायचं. एकटा हैबती गेला नाही. त्याचा बाप त्याच साली वारला होता. "कोण मेलंय म्हणून काढू?" एवढंच म्हणाला म्हणे. तीन पाळ्या त्याच्या बांधाला लागून वाहत गेल्या आणि कांद्यानं माना टाकल्या. त्याची बायको सगुणा विहिरीवरून घागरी आणून ओतायची. घागरीनं कुठं शेत भिजतं? मग विहीरही आटली. त्या दिवशी ती चावडीवर आली आणि तिथं बसलेल्या बाप्यांना म्हणाली, "तिकडं उतरवताच आहात, तर आमच्या शेतावर येऊन उतरवा. तिथं खरंच मयत झालंय."

त्या रात्री बाप्ये चावडीवरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी इनामदाराच्या मुलाची हळद होती. गावातले सगळे बाप्ये आले, पायरीवर पागोटी ठेवली आणि उघड्या डोक्यानं, तोंडातून शब्द न काढता, मांडवात रांगेनं उभे राहिले. वाजंत्री थांबली. इनामदाराची म्हातारी आई बाहेर आली. एवढी उघडी डोकी बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "कोण गेलं रे?"

पुढचा माणूस म्हणाला, "मालकांचा हुकूम आहे, आईसाहेब. त्यांच्यासमोर असंच यायचं."

म्हातारी लेकाकडं वळली. "पोराच्या मांडवात तूच मयत आणलंस. उचल ती पागोटी." इनामदारानं स्वतःच्या हातानं एकेकाचं पागोटं ज्याच्या त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि पाट गावाच्या ताब्यात दिला. तेव्हापासून पाटावर डोकं झाकलेलंच पाहिजे, असं गावानं ठरवलं.

बाकीचे सांगणारे इथं थांबतात आणि शाबासकी घेतात. मला त्याचा संताप येतो. त्या रांगेत हैबती नव्हता. पाणी सुटलं तेव्हा त्याच्या शेतात भिजवायला काही उरलंच नव्हतं. नवराबायको गाव सोडून गेली. कुठं गेली, कोणी शोधलंसुद्धा नाही.

आजही पाट सुटला की पहिलं पाणी मी हैबतीच्या शेतात सोडतो. शेत पडीक आहे, कोणी पेरत नाही. मागच्या साली एक साहेब म्हणाले, आजोबा, एवढं पाणी वाया का घालवता? मी म्हटलं, साहेब, इनामदाराच्या पायरीवर सगळ्यांच्या आधी पागोटं काढून ठेवणारा माझा खापरपणजा होता. त्याचा ऊस त्या साली जोरात आला होता.